घोटाआधीचा फोन

फोन वाजला तेव्हा दातवालीच्या डाव्या हातात मेणाची कवळी होती, उजव्या हातात तापवलेली सुरी होती, आणि कुणा निवृत्त माणसाचा एक सुळा काही केल्या रांगेत उभा राहायला तयार नव्हता. पडद्यावर कात्रीचं नाव दिसलं. सुरी ठेवून तिने फोन कानाला लावला, आणि पलीकडून पहिलाच शब्द असा आला की हातातली कवळी आपोआप टेबलावर गेली. "ताई, वी वोलतेय," कात्री म्हणाली. ओल्या फडक्यातून यावा तसा आवाज. "एक विचारायचं होतं. घेण्याआधी." मागे रस्ता होता, गाड्या होत्या, कुणीतरी जिना उतरत होतं. दुपार अजून कलायची होती. "घेतलीस," दातवाली म्हणाली. तिने विचारलं नाही, सांगितलं. "नाही हो ताई, शफथ, ऐका तरी..." "वार म्हणून दाखव." "सोववार," कात्री म्हणाली, "वंगळवार, वुध..." आणि स्वतःचंच बोलणं ऐकून तिला हसू फुटलं, फुर्रकन, ओठांतून वारा सुटल्यासारखं. त्या हसण्याने सगळं ठरलं. "बैठकीत भेट," दातवाली म्हणाली आणि तिने फोन बंद केला. तो लगेच पुन्हा वाजला. मग पुन्हा. तिने त्याचा आवाज घालवला, तो उपडा करून प्लास्टरच्या डब्याआड सारला आणि सुरी परत ज्योतीवर धरली. सुळा ह्या वेळी पहिल्या झटक्यात बसला.

वार म्हणायला लावणं ही मास्तरांची युक्ती. मास्तर बैठकीतले सगळ्यात जुने, पूर्वी शाळेत कवायत शिकवायचे. दारू सोडून त्यांना इतकी वर्षं झाली होती की ते तिच्याबद्दल वाया गेलेल्या चुलतभावाबद्दल बोलावं तसं बोलत, थोड्या तुच्छतेने आणि बऱ्याचशा हक्काने. बैठक भरायची मोटार चालवायला शिकवणाऱ्या एका शाळेच्या वर्गात. भिंतींवर रस्त्यावरच्या खुणांचे तक्ते होते: थांबा, वळू नका, पुढे तीव्र उतार. नवा माणूस हमखास त्या उताराखालचीच खुर्ची धरायचा आणि जुने लोक एकमेकांकडे बघायचे. खरी नावं दाराबाहेर ठेवायची रीत होती, ज्याचं जे काम ते त्याचं नाव. म्हणून केस कापणारी ती कात्री आणि दातांच्या लॅबमधली ही दातवाली. नव्या माणसाला एक जुना माणूस सोबती म्हणून मिळे, आणि सोबत्याचा नियम एकच: फोन घोटाआधी करायचा. आधी केलास तर सोबती हातातलं काम टाकून येईल, तुझ्याबरोबर रस्त्यात उभा राहील, तुझ्या शिव्या खाईल. नंतर केलास तर एकच वाक्य ऐकशील, बैठकीत भेट. दारूच काय, डोकेदुखीची गोळीसुद्धा सोबत्याला विचारल्याशिवाय घ्यायची नाही. प्यायलेल्याशी बोलणं म्हणजे बाटलीशी बोलणं, मास्तर म्हणत. आणि प्यायलेला माणूस 'नाही घेतली' म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, त्याचा आजार बोलत असतो. नाकारणं हाच आजार. वाक्य मोठं सोयीचं होतं. कुणी काहीही नाकारलं की आजार सिद्ध. मास्तर दातवालीचे सोबती होते. तिनेही एकदा नंतर फोन केला होता, बाथरूमच्या फरशीवर बसून, आणि मास्तरांनी ते वाक्य म्हणून फोन ठेवून दिला होता. त्या फरशीवर तिने मास्तरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, सकाळी उठून फरशी धुतली आणि पुन्हा कधी प्यायली नाही. म्हणजे नियम खरा. ज्या हातोड्याने आपण शहाणे झालो तो दुसऱ्याच्या डोक्यात घालताना हात कापत नाही.

आणि तिच्या कानाबद्दल तर शंकाच नव्हती. दातवालीला फोनमधून वास येतो, असं बैठकीत म्हणायचे, आणि ती ते खोडून काढायची नाही. दिवसभर तोंडांशीच काम. माणसाची खरी तोंडं नव्हेत, डॉक्टरांनी पाठवलेले त्यांचे ठसे. पुढचा दात गेला की कुठल्या अक्षरातून वारा निसटतो, नवी कवळी कुठल्या शब्दाला ठेचकाळते, हे तिला पाठ. माणूस समोर आला की ती डोळ्यांच्या आधी दात बघायची, आणि बहुतेक माणसं तिथेच तिच्या मनातून उतरायची. आत्ता सुळ्याभोवतीचं मेण गुळगुळीत करताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला बरं वाटतंय. वाईट वाटायला हवं होतं, ते कुठेतरी असेलही, पण वर तरंगत होतं ते बरं वाटणं. उन्हातून घरी आल्यावर पायांना गार फरशी लागावी तसं. बघा, ती मनात म्हणाली. कुणाला म्हणाली ते तिलाही सांगता आलं नसतं, बहुधा त्या वर्गातल्या सगळ्या खुर्च्यांना.

कात्री पहिल्या दिवशी आली तेव्हा तिचा वरचा उजवा पुढचा दात तिरका तुटलेला होता. पार्लरमधल्या बेसिनवर पडली होती, भर दुपारी, गिऱ्हाईक डोक्याला फेस लावून बसलेलं असताना. उभी राहिली आणि म्हणाली, "मी आधी नवऱ्याला सोडलं, मग नोकरीने मला सोडलं, मग दाताने. आता फक्त दारू राहिलीय, ती तुम्ही सोडवा." सगळा वर्ग हसला. मास्तरसुद्धा हसले, ज्यांचं हसू खर्चाची बाब असल्यासारखं क्वचित निघायचं. दातवाली इतकी वर्षं त्या वर्गात बोलत आली होती, नीट, क्रमाने, काही न लपवता, आणि कुणी हसलं नव्हतं, रडलंही नव्हतं. फक्त कुणीतरी हळूच घड्याळ बघायचं. कात्रीची सोबतीण व्हायचं तिच्या वाट्याला आलं तेव्हा तिला वाटलं होतं, चला, ही तरी आपली. सुरुवातीला कात्री दिवसातून कितीदा तरी फोन करायची. दुकानासमोरून जातेय ताई, बोलत राहा. नवऱ्याचा मेसेज आलाय ताई, काय करू. दातवाली मेण तापवता तापवता तिला रस्ता ओलांडून द्यायची. मग फोन कमी झाले. मग नुसतेच 'सहज केला' असे यायला लागले. मग तेही नाही. चांगलं लक्षण, मास्तर म्हणाले. दातवालीने मान हलवली आणि तेव्हापासून फोन टेबलावर उताणा ठेवायला सुरुवात केली, प्लास्टरची धूळ बसली तरी चालेल, पडदा दिसला पाहिजे.

आणि मुलगी. कात्रीची मुलगी मोठ्या बहिणीकडे होती. मोठी बहीण पाळणाघर चालवायची, चांगल्या मनाची पण एकदा पोळलेली. तिने सांगून टाकलं होतं, मला तिचं ऐकायचं नाही, सोबतीण ज्या दिवशी हो म्हणेल त्या दिवशी पोर देईन. दातवालीने हो म्हटलं होतं. येता रविवार ठरला होता. हो म्हणताना जीभ टाळ्याला चिकटली होती हे कुणाला दिसलं नाही. तिचा स्वतःचा मुलगा सासूकडे होता, आणि तेव्हा शब्द मास्तरांचा होता. अजून नको, मास्तर म्हणायचे, घाई नको, पोराचा विचार करा. ते अगदी मनापासून म्हणायचे. आईला काम निघालं, असं पोराला सांगायचं ठरलं होतं, आणि ते काम निघतच राहिलं. मास्तर हो म्हणाले तोपर्यंत पोराला मिसरूड फुटलं होतं. तो दारात आला, पाहुण्याकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाला, "बऱ्या आहात ना?" आहात. लहानपणी ज्या तोंडाला 'आई, ए' एवढंच येत होतं त्याच तोंडातून आलेला तो आदर तिच्या कानात अजून अधूनमधून बोचायचा. मग ह्या बाईला वर्षभरात, हसतखेळत, अख्खी मुलगी परत? दातवालीने तो प्रश्न कधी पुरता विचारला नाही. ती फक्त कात्रीला म्हणाली होती, "पोरगी यायच्या आत तेवढा दात कर बाई. हसलीस की फुटक्या वाडग्यासारखी दिसतेस." कात्रीला ते लागलं होतं, पण ती हसली, हात तोंडावर धरून. आणि परवा म्हणाली, "रविवारी एक गंमत आहे ताई. आत्ता नाही सांगणार." गुपित म्हणजे वास यायची पहिली पायरी, हेही मास्तरांचंच. परवापासून दातवाली वाट बघत होती, आणि आज ते आलं होतं.

थोड्या वेळाने लॅबच्या जाग्यावरच्या फोनवर मोठ्या बहिणीचा फोन आला. तुम्ही मोबाईल उचलत नाही म्हणून इकडे केला, ती म्हणाली. मागे पाळणाघरातली पोरं एका सुरात रडत होती. "रविवारचं पक्कं ना हो? म्हणजे मी बॅग भरायला घेते. कालपासून नुसती नाचतेय. पुस्तकं काय, बाहुली काय." दातवाली गप्प राहिली. गप्प राहणं हेही एक बोलणं आहे आणि ते तिला चांगलं यायचं. "काय झालं?" "बॅग आत्ताच भरू नका." "म्हणजे? प्यायली का ती?" "ते मला सांगता येत नाही," दातवाली म्हणाली. हेसुद्धा नियमाप्रमाणेच; कोण घसरलं ते बाहेर सांगायचं नाही. तिने काहीच सांगितलं नाही, आणि मोठ्या बहिणीला सगळं कळलं. "मी पण मूर्खच," मोठी बहीण म्हणाली. "आता हिला काय सांगू?" "सांगा, आईला काम निघालं." वाक्य तोंडात तयारच होतं. फोन ठेवून दातवालीने हात धुतले, चहा घेतला, आणि शेजारच्या बाकावरचा माणूस म्हणाला, आज फार खुशीत दिसता, तेव्हा तिला राग आला.

संध्याकाळी दवाखान्यांची पाकिटं घेऊन येणारा स्कूटरवाला आला. तिच्या वाट्याला एक पाकीट आलं: वरचा उजवा पुढचा दात, कॅप, उद्याच हवी, घाई. नावं कुणीच पाठवत नाही, नुसता आकडा असतो. तिने ठसा बाहेर काढला, नळाखाली धरला आणि उजेडाकडे वळवला. ठशात सगळं उलटं असतं, दाताच्या जागी खड्डा आणि खड्ड्याच्या जागी उंचवटा. नवख्याला काही कळत नाही, तिला चेहऱ्यासारखं दिसतं. उजवा पुढचा कापून बारीक खुंट केलेला. त्याच्या शेजारचा डावा शाबूत, पण त्याच्या धारेत बारीकशी खाच. सुई जाईल एवढी. केसांच्या पिना दातांनी उघडणाऱ्या बायकांच्या दाताला पडते ती. आणि कडेचा दात अर्धवट वळलेला, रांगेत उभं राहून मागच्याशी गप्पा मारणाऱ्या माणसासारखा. आधी तिच्या अंगठ्याला कळलं, मग तिला. ह्या तोंडासमोर ती वर्षभर बसली होती. हे तोंड हात आडवा धरून हसायचं.

ती उभी होती ती स्टुलावर बसली. दात कापायचा म्हणजे नाकाखाली, हिरडीत, सुन्न करायचं इंजेक्शन. वरचा ओठ मरतो, तासन्‌तास मरतो. म, प, ब म्हणायला दोन ओठ भेटावे लागतात, आणि एक ओठ घरीच नसेल तर काय भेटणार? हे तिला माहीत नव्हतं असं नाही. तिला हे झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. इंजेक्शन ओठ मारतं, जिभेला हात लावत नाही. दारू जीभ बांधते, आणि दारूत सगळ्यात आधी जातो तो स. 'सोववार', कात्री म्हणाली होती. त्यातला स तिला आता पुन्हा ऐकू आला, लख्ख, धुतल्यासारखा. तिने तो तेव्हाही ऐकला होता. कान चुकला नव्हता. कानाने आणलेलं तिने दारातूनच परत पाठवलं होतं. घेण्याआधी, असं कात्री म्हणाली होती. दात कापल्यावर डॉक्टर दुखू नये म्हणून गोळ्या देतात. दवाखान्याचा जिना उतरून रस्त्यावर उभी राहून, अर्ध्या तोंडाने, ती नियमाप्रमाणे विचारत होती. दातवालीने डब्यामागून फोन काढला. पडद्यावर कात्रीच्या हुकलेल्या फोनांची रांग होती, एकाखाली एक, आणि मग ती रांग थांबली होती. थांबली होती ती मोठ्या बहिणीने लॅबच्या फोनवर बॅगेचं विचारलं त्यानंतर लगेच.

एक फोन पुरला असता. मोठ्या बहिणीला: चूक झाली, बॅग भरा. कात्रीला: घरी जा, मी येते. दातवालीने आकडे शोधलेही. मग तिची नजर ठशावर गेली. ह्या डॉक्टरचा माल स्वस्तातला, ठसा हवेवर राहिला की आकसतो. आकसला की दात बसत नाही, पुन्हा सगळं पहिल्यापासून, बिचारीला पुन्हा इंजेक्शन. आधी हे भरून घेऊ, ती स्वतःला म्हणाली, आणि हे म्हणताना तिला स्वतःचा आवाज फार समंजस वाटला. तिने प्लास्टर कालवलं, बुडबुडे जाईपर्यंत ठोकलं, हलक्या हाताने खुंटाभोवती सोडलं. मग ते घट्ट व्हायची वाट बघत बसली. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं, त्यावर तळहात ठेवून ती बसली. मोठी बहीण म्हणेल, मग तुमच्या शब्दाची किंमत काय? आज चुकलात, मागेही चुकल्या असाल, असंही म्हणेल. मास्तर काही म्हणणार नाहीत, फक्त पुढच्या वेळी नव्या बाईला दुसरी सोबतीण देतील. फोनमधून वास येणारी बाई. सगळे हसतील, आणि कात्री त्याचा विनोद करेल, चांगला करेल. तिच्याकडे होतं काय? नवरा नाही, पोरगा 'आहात' म्हणतो, हाताला दुसऱ्यांचे दात. एक कान होता. प्लास्टर गार झालं तेव्हा बाहेर दिवे लागायला लागले होते. तिने साचा सोडवला. फार सुरेख निघाला होता, एक बुडबुडा नाही.

कात्रीची खोली लाँड्रीच्या वर होती. दार उघडंच होतं. पलंगावर नवी चादर घातलेली, उशीशेजारी वेष्टणातला छोटा दात घासायचा ब्रश, आणि पलंगाला टेकून खाली जमिनीवर कात्री. मोठी बहीण खिडकीशी उभी होती, पर्स अजून खांद्याला. खोलीत वास होता. तो ओळखायला दातवालीची गरज नव्हती. कात्रीचा वरचा ओठ सुजला होता, सुन्न असताना चावला गेला असणार, हनुवटीवर रक्त वाळलं होतं. तुटक्या दाताच्या जागी डॉक्टरने तात्पुरता प्लास्टिकचा दात बसवलेला होता, पांढराफटक, नवा पाहुणा घरात यावा तसा अवघडलेला. "या ताई," कात्री म्हणाली. "बघा, आता घेतली. आता बरोबर झालं ना? म्हणू का वार?" आणि तिने बोटावर मोजत म्हटले. "शोमवार. मंगळवार. बुधवार." म नीट होता, ब नीट होता. ओठ जागा झाला होता. स गेला होता. दातवालीने ते ऐकलं आणि दाराची चौकट धरली.

"मी विचारायलाच केला होता फोन," कात्री कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट करून म्हणाली. तिथे गोळ्यांची पट्टी होती, एकही न फोडलेली. "दुखायच्या गोळ्या आहेत. तुम्हीच म्हणता ना, आधी विचार. म्हणून उभ्या उभ्या... तुम्ही ठेवलात. मग हिने सांगितलं, पोरीला नाही आणणार, ताई नको म्हणाल्या. मग म्हटलं, सगळ्यांनी ठरवलंच आहे मी प्यायलेय, तर मीच एकटी कोरडी कशाला राहू?" "मघापासून हेच चाललंय," मोठी बहीण म्हणाली. "इंजेक्शन, दात, डॉक्टर." तिचे डोळे लाल होते. ती दातवालीकडे वळली. "असं खरंच होतं का हो इंजेक्शनने? तुम्ही त्यातल्या आहात." खोलीत लाँड्रीच्या यंत्राची घरघर जमिनीतून येत होती. दातवालीचं तोंड उघडलं. बोलायला एक शब्द पुरेसा होता, आणि तो शब्दही दोन ओठांचा नव्हता. 'हो', नुसता श्वास सोडायचा. तेवढ्यात कात्रीला उमासा आला, मोठी बहीण बादली घेऊन धावली, आणि दातवाली म्हणाली, "हे नंतर बोलू. आत्ता तिला झोपू द्या." नंतर जिन्यात मोठ्या बहिणीने तिचे दोन्ही हात हातात घेतले. "तुम्ही नसतात तर मी रविवारी पोर आणून सोडली असती इथे," ती म्हणाली. "ह्या अशा घरात." दातवालीने हात सोडवून घेतले नाहीत. ते हात उबदार होते, आणि तिचे कुणी हात धरल्याला बरेच दिवस झाले होते.

दात तिने दुसऱ्या दिवशी केला. जन्मात केला नसेल असा. रंगाच्या पट्ट्यांतून कुठलीच तिला पसंत पडेना; शेवटी तिने तीन रंग एकावर एक चढवले, मुळाशी किंचित पिवळट, धारेशी जवळजवळ पारदर्शक, आणि मधे एक बारीक रेघ, वय झाल्यावर पडते तशी, म्हणजे खोटा आहे हे देवालाही कळू नये. शेजारच्या बाकावरचा माणूस म्हणाला, एवढा जीव कुणासाठी ओतताय? ती म्हणाली, पेशंट आहे एक. घाईचं पाकीट वेळेत गेलं. रविवार आला आणि गेला, तिने घरात फरशी पुसली, दोनदा पुसली.

मंगळवारी कात्री बैठकीला आली आणि नेमकी उताराखालच्या खुर्चीत बसली. तिची पाळी आल्यावर ती उभी राहिली. नवा दात बसला होता. इतका बेमालूम बसला होता की तो नेमका कोणता हे नुसतं बघून त्या वर्गात दातवाली एकटीच सांगू शकली असती. "मी घसरले," कात्री म्हणाली. नेहमीसारखी कुणाला हसू येईल असं काही ती बोलली नाही. "शुक्रवारी. ताईंनी फोनवर ओळखलं. मी म्हणत होते, नाही घेतली, नुसतं इंजेक्शन आहे, ओठ सुन्न आहे. बहिणीलाही तेच सांगत होते. पण मास्तर सांगतात ना, नाकारणं हाच आजार. मी चार दिवस विचार करतेय. फोन आधी केला की नंतर, मला आता धड सांगता येत नाही. मला आठवतं की आधी केला. पण आजाराला तसंच आठवणार." ती दातवालीकडे वळली, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे दातवालीने फक्त एकदा पाहिलं होतं, दारात आलेला पोरगा पाहुण्याकडे बघावं तसं बघण्याच्या आधी जे क्षणभर त्याच्या तोंडावर येऊन गेलं होतं ते. "ताई, तुम्ही सांगा," कात्री म्हणाली. "तुमचा कान चुकत नाही. तुम्ही म्हणालात ना, इंजेक्शनचा होता, तर मी बहिणीला जाऊन सांगेन. तुम्ही म्हणाल ते मी मानेन. कसा होता माझा आवाज?"

सगळ्या खुर्च्या वळल्या. इतकी वर्षं दातवाली त्या वर्गात बोलली होती आणि कुणी असं ऐकलं नव्हतं. मास्तरांनी हनुवटी वर केली. कुणी घड्याळ बघत नव्हतं. समोर कात्रीचं तोंड किंचित उघडं होतं आणि त्यात तो दात, तीन रंगांचा, बारीक रेघेचा, तिने स्वतः ओतलेला, तिच्याकडे बघत होता. तिला वाटलं, आपण खरंच सांगणार आहोत. तिने श्वासही घेतला.

"प्यायलेल्याचा," ती म्हणाली.

कात्रीने मान डोलावली. वाद घातला नाही, रडली नाही, फक्त तोंड मिटलं, आणि दात दिसेनासा झाला. मग रीतीप्रमाणे सगळ्यांनी परत आलेल्या माणसासाठी टाळ्या वाजवल्या, बऱ्याच वेळ, मनापासून. दातवालीनेही वाजवल्या. निघताना मास्तर तिच्याशेजारी थांबले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कठीण असतं हे. शाबास." त्यांचे खालचे पुढचे दात झिजून गेले होते, रात्री झोपेत दात खातात त्यांचे झिजतात तसे. इतक्या वर्षांत हे आपल्याला कसं दिसलं नाही, असं तिला वाटलं. मुलगी मोठ्या बहिणीकडेच राहिली. पुढचं वर्षभर तरी विषय नको, मोठी बहीण म्हणाली, आणि दातवालीकडे बघितलं, आणि दातवालीने घाई नको असं म्हटलं, अगदी मनापासून.

आता फोन रोज येतो. सकाळी येतो, दुपारी मेण तापत असताना येतो, संध्याकाळी नवं पार्लर बंद करताना येतो. ताई, डोकं दुखतंय, गोळी घेऊ का? ताई, ह्या रस्त्याने जाऊ की त्या? ताई, आज पोरीच्या शाळेवरून गेले, नुसती लांबून, चालतं ना तेवढं? कात्री आता विनोद करत नाही. दातवालीला विचारावंही लागत नाही. फोन उचलल्या उचलल्या, काही बोलायच्या आधी, कात्री आपणहून वार म्हणून दाखवते, शाळेतल्या मुलीसारखे, एका दमात. सोमवार, मंगळवार, बुधवार. स लख्ख असतो, म लख्ख असतो, दात सुरेख बसलाय. दातवाली सुरी ज्योतीपासून बाजूला धरते आणि ऐकत राहते, मधे बोलत नाही, रविवार येईपर्यंत थांबते.